मोरीलाही श्वास लागतो

स्वयंपाकघरातला एक आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मोठ्या पातेल्यातले पाणी सिंकमध्ये एकदम ओतले, की ते भोवरा करत खाली जाते आणि शेवटी ‘गुडगुड’ असा आवाज येतो. कधी तर पाणी ओतावे सिंकमध्ये आणि बोलू लागावी शेजारच्या न्हाणीघरातली जाळी. घरातली जाणती माणसे म्हणतात, पाइप तुंबला असेल. प्लंबर येतो, तार घालतो, पाइप साफ निघतो. आठ दिवसांनी आवाज पुन्हा सुरू होतो आणि आवाजामागून वास येतो. अशा वेळी पुष्कळदा पाइपात अडकलेले काहीच नसते. पाइपाला हवा मिळत नसते.

खाद्यतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आठवा. त्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत, गटक गटक करत पडते. म्हणून दुकानदार समोरच्या कोपऱ्यात दुसरे बारीक भोक पाडतो. एका भोकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते आणि धार सरळ लागते. सांडपाण्याच्या पाइपाचेही तसेच आहे. पाणी खाली जायला जशी वाट लागते, तशी त्याच्यामागे हवा यायलाही वाट लागते. हे दुसरे भोक आपल्या घरांत कसे आले आणि पुढे कसे विसरले गेले, याचा इतिहास आज पाहायचा आहे. तो पाहायला पंढरपूरइतके सोयीचे गाव शोधून सापडायचे नाही. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती लाखाच्या आतबाहेर होती. आषाढीला तिथे कित्येक लाख माणसे उतरतात. सांडपाण्याची परीक्षा घ्यायची तर ती अशाच गावात.

पंढरपुरातले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मोरी म्हणजे काय हे सांगायला नको. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दगडी फरशी, तिला चार बोटे उंचीचा काठ आणि भिंतीच्या तळाशी एक भोक. बायका पाटावर बसून राखेने भांडी घासत. पाणी त्या भोकातून मागच्या परसात नाही तर बोळातल्या गटारात पडे. परस असेल तिथे त्याच पाण्यावर अळू आणि केळी पोसत. या मोरीला आजच्यासारखा वाकडा पाइप नव्हता आणि हवेसाठी वेगळी नळीही नव्हती. त्यांची गरजच नव्हती. भिंतीपलीकडे आभाळ मोकळे होते आणि सगळा मार्ग उघडाच होता. पाणी कितीही जोराने गेले तरी त्याच्यामागे हवा आपोआप येत होती.

या उघडेपणाची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागत होती. घराबाहेर पडलेली घाण गावाबाहेर जात नव्हती. गाव भीमेच्या काठावर. घाटांच्या बाजूला सगळा उतार नदीकडे. म्हणजे मोरीतून निघालेल्या पाण्याचा प्रवास शेवटी चंद्रभागेतच संपायचा, आणि तिथेच वारकरी स्नान करणार. बोळातली गटारे वाहती ठेवायची आणि मैला उचलायचा, हे काम जातीने ठरवून दिलेल्या माणसांच्या माथी होते. वाड्यातल्या माणसाला मोरीचे भोक तेवढे ठाऊक होते. त्यापलीकडचे जग दुसऱ्याचे होते.

वारीच्या दिवसांत हे सारे अनेक पटींनी वाढे. माडीवर, सोप्यात, चौकात जागा मिळेल तिथे माणसे उतरत. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी यात्रांबरोबर फिरू लागल्या, तेव्हा जगाची नजर अशा क्षेत्रांकडे वळली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहरात, आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. पटकीचे उगमस्थान हिंदुस्थान आणि ती पसरण्याचे एक मोठे कारण इथल्या यात्रा, असे त्या परिषदेने ठरवले. मुंबई इलाख्याच्या सरकारला त्यामुळे पंढरपूरची काळजी लागली. यात्रेकरूंवर कर बसला. पुढे प्लेगच्या काळात यात्रेवरच निर्बंध आले. माणसांना अडवणे सरकारला सोपे वाटले. पाण्याला आणि घाणीला नीट वाट करून देणे हे खर्चाचे काम होते, ते मागे पडले.

त्या काळी बहुतेक डॉक्टरांची अशी समजूत होती, की रोग वासातून येतो. नासलेल्या पदार्थांतून विषारी हवा निघते आणि ती छातीत गेली की पटकी होते, असे ते मानत. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवून दिले होते, की पटकी दूषित पाण्यातून पसरते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा माग काढला आणि वासाची उपपत्ती मागे पडली. पण या चुकीच्या समजुतीपोटी एक फार उपयोगी वस्तू घराघरांत पोचली होती. ती म्हणजे सिंकखालचा वाकडा पाइप, ज्याला आपण ट्रॅप म्हणतो.

ट्रॅपची गोष्ट एका घड्याळजीपासून सुरू होते. अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा, लंडनमध्ये घड्याळे करणारा कारागीर. १७७५ मध्ये त्याने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यातली खुबी भांड्याखालच्या वळणात होती. पाइपाला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक दिला, की त्या बाकात थोडे पाणी कायम साचून राहते. ते पाणीच झाकणाचे काम करते. वरून आलेले सांडपाणी त्यातून निघून जाते, पण गटारातली हवा त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. हलणारा भाग नाही, किल्ली नाही, दार नाही. ओंजळभर पाणी हाच पहारेकरी. आजही सिंक, बेसिन, न्हाणी सगळीकडे हीच युक्ती आहे. या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असावी असा संकेत आहे. गटार आणि आपले स्वयंपाकघर यांच्यामध्ये उभी असते ती एवढीच दोन इंचांची भिंत.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली. मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरच्या देखरेखीखाली शहराखाली भुयारी गटारे बांधली गेली. घरे त्या गटारांना जोडली गेली आणि एक नवेच कोडे उभे राहिले. ट्रॅप असूनही घरात वास येऊ लागला. १८७१ मध्ये खुद्द इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला. तो ज्या घरी पाहुणा होता तिथल्या गटाराकडे बोट दाखवले गेले, आणि साऱ्या इंग्लंडने गटारातल्या हवेची धास्ती घेतली.

कोडे असे होते. ज्यांनी पिंपातले रॉकेल रबरी नळीने काढले आहे, त्यांना त्याचे उत्तर चटकन समजेल. नळीचे एक टोक रॉकेलमध्ये बुडवायचे, दुसरे खाली धरून एकदा ओढायचे. धार लागली की ती मागचे रॉकेल ओढत राहते आणि थांबत नाही. सिंकमधून भरलेल्या पाइपाने पाणी उतरते तेव्हा नेमके हेच होते. पुढे गेलेले पाणी आपल्यामागे पोकळी करते. तिथे हवा यायला दुसरी वाट नसली, की ती ओढ ट्रॅपमधल्या पहाऱ्याच्या पाण्यावर पडते आणि तेही खाली निघून जाते. शेवटी ऐकू येणारी ‘गुडगुड’ म्हणजे तो पहारेकरी ओढला जात असल्याचा आवाज. पहारा उठला की गटाराची हवा वर यायला मोकळी. शेजारच्या न्हाणीची जाळी बोलते तीही यामुळेच. सिंकच्या पाण्याला हवा हवी असते, ती सापडेल तिथून, म्हणजे शेजारच्या ट्रॅपमधून ओढून घेतली जाते.

उपाय तेलाच्या डब्याचाच निघाला. १८७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या कारागिरांनी ट्रॅपच्या पुढे पाइपाला एक दुसरी नळी जोडायला सुरुवात केली आणि ती थेट छपराच्या वर नेऊन उघडी ठेवली. हाच व्हेंट पाइप. पाणी खाली जाताना त्यातून हवा आत येते, ट्रॅपवर ओढ पडत नाही. एरवी गटारात साचणारा वायू त्यातूनच माणसाच्या डोक्यावरून आभाळात निघून जातो. लंडनच्या जुन्या वस्त्यांत दिव्याच्या खांबासारखे उंच, पोकळ लोखंडी खांब आजही दिसतात. त्यांवर दिवा नसतो. ते रस्त्याखालच्या गटारांचे व्हेंट आहेत.

ही विद्या आपल्याकडे रुजली ती मुंबईत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षे गेली, पण तोवर हवा, उजेड आणि गटारे यांच्याशिवाय घर बांधायचे नाही, ही गोष्ट नियमांत येऊ लागली होती. चाळीच्या खोलीत मोरी असे आणि इमारतीच्या मागे हाऊसगल्ली. सगळे पाइप त्या गल्लीत उतरत.

या पाइपांच्या दुनियेत आपल्या भाषेने एक शब्द देऊन ठेवला आहे. न्हाण्याची जागा ती नहाणी किंवा न्हाणी. तिच्या जमिनीत बसवायच्या जाळीदार ट्रॅपला बांधकामाच्या धंद्यात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि पश्चिम भारताबाहेरच्या इंजिनिअरांच्या तोंडीही हाच शब्द असतो. हार्डवेअरच्या दुकानात तो नावाने मागता येतो. सिंकखालचा गोल बाटलीसारखा तो बॉटल ट्रॅप आणि घराबाहेर चेंबरच्या आधी बसतो तो गल्ली ट्रॅप.

इंग्रजी अमदानीतल्या या पद्धतीत एक शहाणपण होते. शौचकूपाचा मैला एका पाइपाने जाई, आणि मोरी-न्हाणीचे सांडपाणी दुसऱ्या पाइपाने. सांडपाण्याचा पाइप मैल्याच्या गटाराला थेट जोडत नसत. तो गल्ली ट्रॅपच्या जाळीपाशी आणून सोडत. बाहेरची मोकळी हवा तिथे पाइपाच्या तोंडाशी यायची. पाण्याच्या प्रवासात ही उघडी जागा मुद्दाम ठेवलेली असे. जुन्या वाड्यातल्या मोरीचे उघडे भोक इथे नव्या रूपात, पहाऱ्यासकट, परत आले होते.

मग स्वयंपाकघर उभे राहिले. चूल गेली, स्टो आणि गॅस आला, ओटा आला. बसून करायची कामे बाई उभ्याने करू लागली. मोरीची जागा ओट्यातल्या सिंकने घेतली. बाईच्या पाठीला आणि गुडघ्यांना विसावा देणारा हा बदल मोठा आहे, त्याचे मोल कमी लेखू नये. पण सिंकचा पाइप भिंतीत आणि फरशीखाली गेला. बोळात मोकळे पडणारे पाणी थेट चेंबरमध्ये जाऊ लागले. पंढरपुरातही वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती, लॉज आणि मठांच्या दोन-तीन मजली वास्तू उभ्या राहिल्या. मार्ग सगळा बंद झाला. मार्ग बंद झाला की हवेची वाट मुद्दाम ठेवावी लागते, आणि नेमकी तीच गोष्ट गाळली जाऊ लागली. कारण साधे आहे. घर घेणारा फरशी पाहतो, नळ पाहतो, टाइल्सचा रंग पाहतो. गच्चीवरचा पाइप मोजायला कोणी जात नाही.

आज घर बांधणाऱ्याने किंवा दुरुस्त करणाऱ्याने काय करावे? वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली आणि सर्वांत चांगली वाट म्हणजे सिंकच्या ट्रॅपजवळून निघालेला स्वतंत्र व्हेंट पाइप गच्चीच्या वर नेणे. तो ट्रॅपपासून फार लांब नसावा, वर कुठे वाकवून पाणी साचेल असा नसावा आणि गच्चीवर माणसे वावरत असतील तर त्यांच्या डोक्याच्या बरीच वर त्याचे तोंड असावे. तोंडाला जाळी हवी, बूच नको. वास येतो म्हणून गच्चीवरचा पाइप टोपी घालून पक्का बंद करणारे लोक आहेत. तो वास मग खालच्या मजल्यावर स्वयंपाकघरात येतो.

दुसरी वाट बहुमजली घरांची. प्रत्येक सिंकचा व्हेंट स्वतंत्रपणे गच्चीवर न नेता सगळे एका उभ्या व्हेंट पाइपाला जोडायचे. मात्र ही जोडणी सिंकच्या काठाच्या पातळीपेक्षा वर हवी. नाही तर पाइप तुंबला की खरकटे पाणी हवेच्या नळीत शिरते आणि तीही बंद होते.

तिसरी वाट आपल्याकडची जुनी, तळमजल्याला उत्तम. सिंकला स्वतःचा ट्रॅप द्यायचा आणि त्याचा पाइप बाहेर गल्ली ट्रॅपवर, जाळीच्या आत पण पाण्याच्या वर, मोकळा सोडायचा. हवा तिथून मिळते. ओट्याखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सिंकची लवचिक नळी नुसती खोचून ठेवतात, ती या पद्धतीची बिघडलेली नक्कल आहे. नळीभोवतीची फट उघडी राहते आणि तिथून झुरळे आणि वास दोन्ही येतात.

चौथी वाट नवी. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हवा आत घेणारी एक छोटी झडप निघाली. पाइपात ओढ निर्माण झाली की ती उघडते आणि घरातली हवा आत घेते. ओढ थांबली की आपल्याच वजनाने मिटते आणि गटाराची हवा बाहेर येऊ देत नाही. जिथे भिंत फोडून गच्चीपर्यंत पाइप नेणे शक्यच नाही, तिथे ती उपयोगी आहे. पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. ती हवा आत घेते, कोंडलेली हवा बाहेर सोडत नाही. म्हणून इमारतीचा एक तरी पाइप गच्चीवर उघडा लागतोच. शिवाय ती झिजणारी वस्तू आहे, तेव्हा हात पोचेल आणि बदलता येईल अशा जागीच ती बसवावी.

आता पुन्हा पंढरपूरकडे येऊ. ट्रॅपचे पाणी दोन तऱ्हांनी जाते. एक, गर्दीने. दोन, एकांताने. आषाढीला एकाच पंगतीची भांडी घासताना चार-पाच नळ एकदम सुटतात, पाइप पूर्ण भरून वाहतो आणि ओढ सर्वांत जास्त असते. व्हेंट नसेल तर त्या दिवशी एकही ट्रॅप भरलेला राहत नाही. पुढे आषाढी सरते, माणसे गावोगावी परततात. कित्येक मठ, धर्मशाळा आणि लॉजच्या खोल्या कार्तिकी, माघी किंवा चैत्रीपर्यंत बंद पडून राहतात. तिथल्या ट्रॅपमधले पाणी हळूहळू आटते. सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तर फार दिवस लागत नाहीत. दार उघडणाऱ्याला जो कोंदट वास येतो, तो नुसता बंद खोलीचा नसतो. भीमेला पूर आला की तिसराच प्रकार होतो. नदीचे पाणी खालच्या गटारांत चढते आणि पाइपातली हवा वर ढकलते. तिला गच्चीची वाट नसेल, तर ती घाटाजवळच्या घरांत मोरीतून वर येणार.

आटलेला ट्रॅप ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे जगाला २००३ मध्ये कळले. त्या वर्षी हाँगकाँगच्या ‘अ‍ॅमॉय गार्डन्स’ या गृहसंकुलात सार्स या आजाराने तीनशेहून अधिक माणसांना गाठले. चौकशीत आढळले, की अनेक न्हाणीघरांच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. पाइपातली दूषित हवा, वर पंखा लावला की त्या वाटेने घरात ओढली जात होती. वासातून रोग येतो ही जुनी समजूत पटकीच्या बाबतीत खोटी ठरली, पण गटारातल्या हवेपासून सावध राहण्याची जुनी सवय तेवढीच खोटी नव्हती.

या हवेचा सर्वांत मोठा बळी मात्र घरात बसलेला माणूस नाही. गटारात हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा घाण मारतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि आत उतरलेल्या माणसाला कळायच्या आत तो कोसळतो. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा नवा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. पंढरपूरच्या यात्रेतल्या मैलासफाईचा प्रश्नही याच काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. घराघरांतले व्हेंट उघडे असले म्हणून गटार निर्धोक होत नाही, त्यात माणूस उतरवू नये हेच खरे. पण कोंडलेले गटार लवकर तुंबते, वायू साठवते आणि कोणाला तरी खाली उतरायला लावते. या साखळीची पहिली कडी आपल्या ओट्याखाली असते.

पंढरपूरच्या वाळवंटात हातात खराटा घेऊन दिवसभर झाडणारे आणि रात्री कीर्तनात लोकांना स्वच्छता सांगणारे गाडगेबाबा महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यांनी इथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. ज्यांच्या माथी गावाची घाण होती, त्यांनाच गावात उतरायला जागा नाही, हे त्यांना सलत होते. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ ही योजना जाहीर केली. नदी स्वच्छ व्हायची तर मोठे प्रकल्प लागतील, यात शंका नाही. पण नदीपर्यंत जाणारे प्रत्येक गटार कुठल्या तरी मोरीपासून सुरू होते.

म्हणून दोन साध्या गोष्टी कराव्यात. घरातली जी न्हाणी किंवा बेसिन रोज वापरात नसेल, तिच्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. बंद मठ आणि खोल्यांची राखण करणाऱ्यांनी हे काम किल्लीच्या कामाइतकेच नेमाने करावे. आणि एकदा गच्चीवर जाऊन आपल्या सांडपाण्याच्या पाइपाचे वरचे तोंड उघडे आहे की नाही, हे पाहून यावे. बंद असेल तर प्लंबरला बोलावून मोकळे करून घ्यावे, आणि पाइपच नसेल तर ओट्याच्या पुढच्या दुरुस्तीत त्याचा खर्च धरावा.